चहानंतरची गंमत

अहो,

मी मागीलदारी बांगडे साफ करत होते. भात गॅसवर, कपडे भिजत पडलेले, मांजर टपून बसलेलं. आणि तुम्ही टेप घेऊन आलात! "अगो, सरळ उभी ऱ्हा. कोपर दुमड." मी म्हटलं, "पोलकं शिवताय काय माझं?" तुम्ही हसलात, माप घेतलंत आणि पडवीत गेलात.

ते माप कशाचं होतं, ते मला परवा कळलं. तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

परवा धाकटे भावोजी आले. "वहिनी, दादाच्या त्या खुळाच्या बॅटऱ्या नेतो. इन्व्हर्टरला होतील." मी न्या म्हटलं. तुम्ही पडवीत जुळवत बसायचात त्या गाडीचा मला रागच होता. शेजारी शेजारी दोन चाकं, मध्ये फळी, वर दांडा. म्हणे आपोआप तोल सांभाळणार! पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला साठीनंतर हे काय सुचलं? मी बघायचे तेव्हा ती तोंडावर पडलेली असायची.

शेवटच्या सकाळीही तुम्ही तिच्यापाशीच होतात. "चहा टाक, मग एक गंमत दाखवतो," म्हणालात. मी चहा घेऊन आले, तर तुम्ही फळीशेजारी आडवे. असं कुणी जातं का हो?

भावोजींनी गाडी सरळ केली, सहज बटण दाबलं आणि हात सोडला. गाडी पडली नाही! जरा पुढे, जरा मागे, पण कुणी न धरता उभी. भावोजी दचकून भिंतीला टेकले. हीच का ती गंमत?

जवळ जाऊन दांडा धरला. बरोबर माझ्या कोपराच्या उंचीचा! तुम्हाला तर वाकावं लागलं असतं.

गुडघ्यांमुळे माझं वाचनालय सुटलं. तुम्ही पुस्तकं आणायचात, पण वाचलेलीच पुन्हा पुन्हा. एकदा वैतागून मी म्हटलं होतं, "मला स्वतः कपाटासमोर उभं राहायचंय." ते एवढं मनावर घेतलंत? मग सांगितलं का नाहीत? मी रोज भंगार म्हणत होते, ते ऐकून घेतलंत!

"भावोजी, बॅटऱ्या मिळायच्या नाहीत."

"वहिनी, पडाल हां!"

"मग धरा मला."

संध्याकाळपर्यंत फळीवर उभी राहून, त्यांचा खांदा धरून अंगणात फेऱ्या मारल्या. दोनदा तुळशीवर गेले.

इथल्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. मी या गाडीला रोज पुसेन, गंजू देणार नाही, हा माझा शब्द.

दुसऱ्या दिवशी भांडी उरकली, तिच्यावरून वाचनालयात गेले आणि न वाचलेलं पुस्तक घेऊन आले.

तुमची,
सुमन