पाटीवरचे डोळे

लातूर,
२ मे १९८३

ती. सौ. नीलम्माअक्का यांना,
धाकट्या गुरुलिंगचं शरणार्थ.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, तेही गढूळ, पण बहात्तरसाली काय होतं ते आठवलं की तक्रार करायची लाज वाटते. नवा जिल्हा झाल्यापासून मला काम भरपूर आहे. दिसेल त्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसायचं आणि तिथं लातूर लिहायचं. लातूरला अक्षरं कमी लागतात, त्यामुळे उरलेली जागा मोकळी दिसते, आणि साहेब लोक विचारतात की पेंटर, हे एका बाजूला का झालं? मी म्हणतो, जिल्हाच लहान झालाय, मी काय करू.

तू विचारलंस की अव्वाचं वर्ष तोंडावर आलं तरी तिचा फोटो का रंगवून पाठवला नाही. गावभरच्या मयतांचे फोटो करणारा माझा भाऊ आईलाच विसरला का, असं लिहिलंस. रागावून लिहिलंस ते बरं केलंस.

विसरलो नाही. चित्र होळीलाच झालं होतं.

माझं काम तुला ठाऊक आहे. आपल्यात माणूस गेलं की त्याला बसवतात, विभूती लावतात, हार घालतात आणि मग फोटोवाल्याला बोलावतात. कित्येकांचा जन्मातला पहिला फोटो तोच. तो माझ्याकडे येतो आणि मी त्यातले मिटलेले डोळे उघडून देतो. नांदेडला हणमंतराव पेंटरांच्या दुकानात पोऱ्या होतो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हेच शिकवलं. पत्र्याच्या पाटीवर एक जोडी डोळे काढून दिले आणि म्हणाले, हे पाठ कर, बाकी तोंड आपोआप येतं. मी पाठ केले. बहात्तरच्या दुष्काळात म्हातारी माणसं पटापट गेली, तेव्हा मी इतके डोळे उघडले की लोक मला कलाकार म्हणू लागले. मलाही ते खरं वाटलं. तूसुद्धा पाकिटावर ‘गुरुलिंग पेंटर’ असंच लिहितेस, आणि ते वाचून मला दरवेळी बरं वाटतं.

मागच्या महिन्यात पाट्यांच्याच कामाला उदगीरला गेलो होतो. तिथं शिवप्पा किराणावाल्यांच्या बायकोनं, गुरम्मानं, बोलावून घेतलं. नवऱ्याच्या फ्रेमची काच फुटली होती. फोटो मीच केलेला, बहात्तरचा. शेजारी तिच्या नणंदेचा फोटो, तोही माझाच. दोन्ही फ्रेमा उतरवून जमिनीवर ठेवल्या, पुसल्या, आणि मी बघतच राहिलो. दाढीवाला म्हातारा आणि तरणी बाई, आणि डोळे एकच. हणमंतरावांच्या पाटीवरचे.

मी गुरम्माला विचारलं, शिवप्पांचे डोळे असेच होते का? ती शांतपणे म्हणाली, “न्हाई वो. ह्यांचे लई बारीक होते. हसले की दिसायचेच न्हाईत. तवा मी तुमच्यासंगं भांडले बी होते.” मग काचेचे तुकडे सुपात भरता भरता म्हणाली, “पर आता ह्यांची आठव काढली की हेच डोळे येतेत. माझ्यावाले गेले.”

तिनं मला चहा दिला. एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर सोसलं असतं.

अक्का, लहानपणी मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं आपला देवणी बैल काढायचो तो आठवतो ना? लोक ओळखायचे की हा बाळ्याच, दुसरा नाही. कारण त्याच्यासमोर बसून काढायचो. अव्वाला म्हटलं, तू बस, तुला काढतो. तर ती म्हणायची, “माझं काय काढतूस रे, बैलाचं काढ.” आणि चुलीकडे निघून जायची. मीही बैलाचंच काढलं. पुढं नांदेडला शिकलो, मग न बघताच माणसं काढता यायला लागली, आणि त्यालाच मी शिकणं म्हणत आलो.

उदगीरहून आलो ते थेट अव्वाच्या चित्रासमोर. सुंदर झालं होतं, शेजारी येऊन बघून जायचे. पण डोळे पाटीवरचेच. ते मी खरडून काढले आणि तिचे आठवू लागलो. येत नाहीत. कुंकू आठवतं, विड्यानं रंगलेले दात आठवतात, हाक ऐकू येते, आणि ती माझ्याकडे बघते तिथं पाटी येते. लोक म्हणतात तुझे डोळे तिच्यासारखे आहेत. म्हणून तुझे आठवून पाहिले. तिथंही तेच आले. तुझ्याकडून राखी बांधून घेताना दरवर्षी समोर बसतो मी, अक्का. इतकी वर्षं कुठं बघत होतो कुणास ठाऊक.

हे तुला कळवायचं नव्हतं, म्हणून पाट्यांची कारणं सांगत राहिलो. या वयात नव्यानं शिकायचं म्हटलं तरी कुणासमोर बसू? जिला बघायचं होतं ती गेली.

येत्या सोमवारी भाऊजी आडतीवर येतील, त्यांच्याबरोबर चित्र पाठवतो. डोळे मिटलेलेच ठेवलेत, त्या दिवशी बसवली होती तशी. असं चित्र भिंतीला लावत नाहीत हे मला माहीत आहे. लोक नावं ठेवतील. पण उघड्या डोळ्यांचं दिलं तर वर्षा-दोन वर्षांत तुझ्याकडचे तिचे डोळेही जातील, आणि मग ते कुणाकडेच उरणार नाहीत. तुला आठवतात ना? मला सांगू नकोस कसे होते. मी ऐकून पुन्हा पाटीवरचेच काढीन. फक्त आठवतात एवढं कळव.

त्या पापण्या तेवढ्या मी बघून काढल्या आहेत.

भाऊजींना नमस्कार. आणि पाकिटावर यापुढे नुसतं नाव लिही, पोस्टमन ओळखतो.

तुझा भाऊ,
गुरुलिंग