टँकरचं काळं पाणी

मोडनिंब,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शिवराज यास ताईचे अनेक आशीर्वाद.

सोनाबाई मावशी डबा घेऊन सोलापूरला दवाखान्यात निघाल्या आहेत, त्यांच्याजवळ हे देते. तुझा जबडा तारेनं बांधलाय म्हणून पातळ पेज पाठवली आहे. गाय व्यायली, कालवड झाली. अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. माझा फोन ह्यांनी चुलीत घातला.

लोक म्हणतात, जमाव खवळला. खवळणारच की. शेजारच्या चनबसप्पांच्या बोअरला काळं पाणी आलं, दोन म्हशी तडफडून मेल्या, आणि तू नेमका कारखान्याच्या मळीच्या पाण्याचा टँकर घेऊन आमच्या बांधावर. इथेनॉल पेट्रोलात जायला लागलं, उसाला भाव आला, तेव्हा ह्याच लोकांनी पेढे वाटले होते. इथेनॉल काढून मागं काय उरतं, ते कुणी विचारलं नाही.

पण जमाव नंतर आला, शिवराज. पहिला घाव तुझ्या दाजींचा. मागून डोक्यात बसला, तुला दिसला नसेल. टिकावाचा दांडा होता.

मागच्या आठवड्यात तू माझ्यासमोरच बजावलं होतंस, "दाजी, ह्यात लई पाणी मिसळावं लागतंय. तसंच सोडलं तर बोअर नासंल."

हे हसले. "बहिणीच्या रानाला मापून देतोस व्हय? सोड की तसंच, फुकटचं खत हाय."

बहीण दिलेल्या घरी नाही कसं म्हणायचं? तू कॉक उघडलास.

दुसऱ्या खेपेला तू आलास आणि माणसं काठ्या घेऊन येताना दिसली, तसे हेच ओरडले, "ह्योच इख ओततोय, धरा!" मागच्या त्या घावानं तू पडलास, शुद्ध गेली, तरी ह्यांनी पुन्हा दांडा उचलला आणि नेम धरून तुझ्या जबड्यावर घातला. खरं बाहेर पडू नये म्हणून. मी तुझ्यावर पालथी पडले, तेव्हा पुढचा माझ्या हातावर बसला. अक्षर त्यामुळं वाकडं आहे.

आज फौजदार जबाबाला येणार. सकाळी हे कोयता दाखवून म्हणाले, "त्याला बोलता यायचं न्हाय, आन तू बोलायचं न्हाय." माझ्या भावाचं रक्त सांडणाऱ्याच्या घरात मला आता पाणीसुद्धा गोड लागायचं नाही.

हे आंघोळीला गेले आहेत. कोयता मी विहिरीत टाकला. मावशींबरोबर मीही निघते, पण दवाखान्यात नंतर येईन, आधी ठाण्यात जाते.

तू तोंड उघडू नकोस, तारा निसटतील. तुझं मी बोलते.

तुझ्या वाट्याचं बोलणारी,
तुझी ताई,
विजयमाला