मिस्बाहचा डावा हात

प्रिय अफताब,

फोन करत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "अम्मी, गाडीवर हाय, नंतर," म्हणतोस, आणि ते नंतर कधी येत नाही. कागद मध्येच कट होत नाही. घरात आपण मुसलमानी बोलतो, पण माझ्या हाताला अक्षर आहे ते मराठीच, तेही दुसरीपर्यंतचं. चुकलं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

तुझ्या पोरीचा पहिलीतला हा आठवडा सांगते. तू पाचगणीहून तुझ्या बायकोला, अफसानाला, हुकूम सोडलास ना, "आठ दिवस डावा हात बांध, खोड जाती, माझी न्हाई का गेली?" सोमवारी तिनं तो पाळला. मी सकाळीच बांगड्यांची पेटी घेऊन पलूसला गेलेली, मला पत्ता नाही. अफसानानं ओढणीची झोळी करून पोरीचा हात गळ्यात बांधला, मागं घट्ट गाठ मारली आणि शाळेत क्रांती मॅडमना सांगितलं, हात मुरगळलाय. मॅडम बिचाऱ्या दिवसभर तिला जपत बसल्या. पोरीनं उजव्या हातानं पाटीवर रेघा ओढल्या, कोंबडीनं उकरल्यासारख्या.

मंगळवारी तिला लघवीला लागली. एका हातानं चड्डी सुटेना. तिची मैत्रीण सोनिया, आकाराम पाटलाची नात, तिनं गाठीला दात लावले. गाठ सुटली, पण हलणारा दात गाठीतच राहिला! रक्त बघून सगळा वर्ग बोंबलला. तोवर मिस्बाहचा फ्रॉक भिजलेला. मॅडमनी विचारलं, तशी ती म्हणाली, "हात दुखत न्हाई. अब्बांनी बांधायला लावलाय." चाळीस पोरांपुढं, अफताब.

मॅडमनी घरी निरोप पाठवला. अफसाना रडत बसली, म्हणून मी गेले. जाताना भांडायच्याच तयारीनं गेले होते. पण मॅडम एवढंच म्हणाल्या, "आजी, उद्या वर्गात बसून बघा." बुधवारी बसले. मांडी घालून, मागं, पेटी शेजारी ठेवून. तुला माहीत आहे, मला गप्प बसवत नाही. एका पोराला पाढा येईना, मी मागून सांगितला, तर ती बोळक्या तोंडाची सोनिया मला म्हणते, "आजी, बोट वर करून बोलायचं असतंय." केलं मग बोट वर.

तिथं बघितलं. मिस्बाह डाव्या हातानं भराभरा लिहिते. पण पुढचं अक्षर लिहिताना हात मागच्यावर घासतो आणि ते पुसून जातं. म्हणून गेल्या खेपेला घरी आलास तेव्हा तुला तिची पाटी कोरी दिसली आणि तू म्हणालास, पोरीला काही येत नाही. गुरुवारी मॅडमनी काय केलं? पाटी जराशी तिरकी केली. बस्स. हात खालून चालायला लागला आणि पाटीवर तिचं नाव राहिलं. एवढं साधं होतं.

तू म्हणशील, लोक काय म्हणतील. म्हणू देत. जेवताना उजवा हात, बिस्मिल्ला म्हणून, ते मी तिला शिकवलंय आणि ती पाळते. पण लिहिणं अल्लानं ज्या हातात ठेवलंय तिथून काढणारे आपण कोण? तीस वर्षं बायकांच्या हातात बांगड्या भरतेय. कामाचा हात जरा रुंद असतो, धरल्याबरोबर मला कळतो. ईदला तिच्या उजव्या हातात बांगडी सुळकन गेली, डाव्यात अडली. मला तेव्हाच कळलं होतं. आणि तू स्ट्रॉबेरीचा टेम्पो घेऊन घाट उतरतोस तेव्हा गिअर कुठल्या हातानं टाकतोस रे? तिथं नाही तुला लाज वाटत.

शनिवारी सकाळच्या शाळेत मी परत मागं जाऊन बसले. चित्रं काढायची होती. तिनं तुझा टेम्पो काढला. चाकं, दिवे, मागं लिहिलेलं नावसुद्धा. मी बघितलं आणि मला बसवेना, उठून बाहेर आले.

तुझी खोड गेली नाही, अफताब. आजही कोणी बघत नसलं की तू पेला डाव्या हातानंच उचलतोस. गेलं ते वेगळंच. पहिलीत जायच्या आधी तू कोळशानं परड्याची भिंत घोड्यांनी भरून टाकायचास. तुझी दादी म्हणाली, पोरगं डावरं निघालं, आणि बांगड्या बांधायच्या सुतळीनं मी तुझा हात कमरेला बांधला. आठ दिवस नाही, दिवाळीपर्यंत. दादी नुसती बोलली, गाठ माझ्या हातची होती. त्यानंतर तू घोडा काढला नाहीस, आणि शाळेत वर्षभर तोंड उघडलं नाहीस. मी लोकांना सांगितलं, पोरगं शहाणं झालं. पंचवीस वर्षं हे कोणाला बोलले नाही. आता बोलले, कारण तू माझीच गाठ माझ्या नातीला मारायला सांगतोयस, आणि मी जिवंत असेपर्यंत ती बसू देणार नाही. बाप असशील तिचा, मी तुझी आई आहे. तिचं चित्र सोबत पाठवते. अफसानाला फोन करू नकोस. मला उत्तर लिही, कागदावर, डाव्या हातानं. वाकडंतिकडं आलं तरी मी वाचेन. आणि लिहायला काही सुचलं नाही, तर एक घोडा काढ.

तुझीच, पण या भांडणात मिस्बाहच्या बाजूची,
अम्मी