हरभऱ्याची राखण

१४ ऑक्टोबर १९८६
सरकारी बियाणे संशोधनाच्या फार्मवर सात महिने झाले. अजून रोजंदारीवरच. साहेब म्हणाले, राखणदाराची एक जागा कायम होतेय, राखीव आहे, कुणाकडे जातीचा दाखला असेल तर आणा. माझा दाखला पेटीच्या तळाशी आहे. त्यावर लिहिलंय, फासेपारधी. इथं पवार म्हटल्यावर कुणी पुढं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दाखवला तर नोकरी. दाखवला तर...

१७ ऑक्टो.
हरभरा पेरला. नवीन वाण, बी अगदी मोजकं. मुकादम नानारावांनी गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली. "पवार, पेडगावच्या माळावर पारध्यांची पालं पडलीत. डोळ्यात तेल घालून राखायचं. त्यांची सावलीबी पडू द्यायची न्हाई."
हो म्हणालो. त्यातलं तिसरं पाल आमचं.

२० ऑक्टो.
शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा, निम्मे मजूर आले नाहीत. मुकादम चिडलेले. "ज्याला त्याला आता नाव पायजे!" मी चहा पीत बसलो. मला नाव आहे की. लपवून ठेवलंय, एवढंच.

२३ ऑक्टो.
माय फाटकाशी आली. आमच्या बोलीत हाक मारली. मी मराठीत म्हणालो, "जा इथून." तेवढ्यात मु. आले. "कोन रे ती?"
तोंडातून निघून गेलं, "मागणारी हाय."
मायला मराठी कळतं. हातातलं फडकं खांबाजवळ ठेवून गेली. आत भाकरी-ठेचा. खाणार नव्हतो. खाल्ली. लाज वाटते. जातीची नाही, माझी.

२६ ऑक्टो.
तित्तिर उतरायला लागलेत. उजाडता उजाडता येतात, सरी उकरून बी खातात. डबा वाजवला, बुजगावणं केलं, गोफण फिरवून खांदा दुखला. इकडून उठतात, तिकडं बसतात. दोन ओळी साफ. मु. म्हणाले, "राखणदार झोपायलाय वाटतं." साहेबांनी उकरलेली सरी पावलांनी मोजली, ते जास्त लागलं. बी गेलं तर साहेबांचं वर्ष गेलं, अन् माझी जागाही.
उपाय मला माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. पण फासे मांडले की जात मांडली.

२७ ऑक्टो.
माळावर गेलो. माय फाशाच्या दोरीसाठी घोड्याचे केस वळत बसली होती. वर न बघताच म्हणाली (आमच्या बोलीत, इथं मराठीत लिहितो), "मागायला आले नव्हते रे. द्यायला आले होते."
पायावर डोकं ठेवलं. फासे पाहिजेत म्हणालो.
"मांडणार कोण? शाळेनं तुझा हात बिघडवलाय." खरं आहे.
म्हणालो, तूच चल. फाटकातून.

२८ ऑक्टो.
मायनं फाशांची रांग लावली. पाखरं कुठून पायी शिरतात ते माती बघून सांगत होती. मग तित्तिराची साद घातली. सूर्य वर येईतो अकरा अडकले, सगळे जिवंत. लांब दुधना नदीच्या काठी नेऊन सोडायचे ठरवले. मायला पटलं नाही. "एक तरी कालवणाला ठेव."
साहेब फासा हातात घेऊन बघत राहिले. "कुणी केला?"
"माझ्या मायनं. आमी फासेपारधी."
आवाज जरा मोठाच निघाला. मु.च्या हातात चहा तसाच. साहेबांनी विचारलं, "उद्या येतील का त्या?" आणि मु. म्हणाले, "पवार, किल्ली दे बरं इकडं."
दिली.

३० ऑक्टो.
काल दाखला साहेबांच्या टेबलावर ठेवला. "वर पाठवतो. बघू काय म्हणतात." किल्ली अजून मु.च्या कमरेला. हरभरा मात्र वर आलाय. मधल्या दोन ओळी सोडल्या तर सगळा.
आज सकाळी माय आली ती सवयीनं फाटकाबाहेरच थांबली. मु. ओट्यावर बसलेले. मी आमच्या बोलीत मोठ्यानं हाक मारली, आत ये म्हणालो. आली. फडकं सोडलं, दोन भाकऱ्या जास्तीच्या होत्या. एक तिनं मु.पुढं धरली. त्यांनी घेतली नाही. उठूनही गेले नाहीत.
माय म्हणाली, उद्या पुन्हा भाकरी आणते.