जप्त माल: तीन पिस्तुलं, एक कंगवा

सोमवार, ४ तारीख
आजपासून घरात बंदूकबंदी. धाकट्यानं (वय तीन) बालवर्गात पट्टी रोखून सहा मुलांना ठार केलं. बाईंना म्हटलं, माझ्यावर सोडा. कंपनीच्या गेटवर अठरा वर्षं झडती घेतोय. माझी नजर चुकवून खिळाही बाहेर गेलेला नाही. बाईंनी शनिवारच्या पालकसभेत दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. भाषण तयार आहे. फक्त घर साफ व्हायचंय.

मंगळवार, ५
तीन पिस्तुलं जप्त. एक पाण्याचं. कपाटात बंद, किल्ली माझ्याकडे. रजिस्टर केलं. हिनं विचारलं, तीन वर्षांच्या पोराची सही घेणार का. अंगठा घेतला.

बुधवार, ६, सकाळी ७.४०
धाकट्यानं पाव कुरतडून पिस्तूल केलं. जप्त करायच्या आत पुरावा खाल्ला. मग कंगवा रोखला. कंगवा जप्त. मोठीची (साडेपाच) वेणी राहिली. ही म्हणाली, तेवढा जप्त माल सोडा, शाळेची गाडी येईल. नियम म्हणजे नियम. मोठी केस मोकळे ठेवूनच गेली.

संध्याकाळी
आता दोघांचीही दप्तरं जाता-येता तपासतो. मोठीला विचारलं, तुझी काही तक्रार? नाही म्हणाली. शहाणी आहे. माझ्यावर गेलीय.

गुरुवार, ७
कपाटातून पाण्याचं पिस्तूल गायब. संशय १: माझी बहीण. काल आली होती, मुलांची आत्या म्हणून लाड फार. फोनवर विचारलं तर हसत सुटली. निरपराध माणूस इतका हसत नाही. संशय २: ही. किल्ली माझ्या पँटच्या खिशात असते आणि पँट धुते ही. विचारलं. त्यावर म्हणाली, उद्यापासून आपले कपडे आपण धुवा. विषय बदलण्याची जुनी युक्ती.

शुक्रवार, ८
गेटवर सुपरवायझरचीही पिशवी तपासायची, हा नियम मीच केलेला. हाताखालच्या गार्डनं डब्याखालून पाण्याचं पिस्तूल काढलं. भरलेलं. मागे अख्खी शिफ्ट रांगेत उभी. कुणीतरी म्हणालं, साहेब, हात वर.
घरी चौकशी. किल्ली हिनंच दिली होती, ती म्हणते एका तासासाठी. धाकट्यानं लगेच कबूल केलं. बाबांची पिशवी कुणी बघत नाही, म्हणून तिथे ठेवलं म्हणाला. पोरगं हुशार. पद्धतीत एक फट होती, ती सापडली. याला अपयश म्हणत नाहीत.

शनिवार, ९
भाषण झालं नाही. बाईंनी आधी बाजूला घेतलं. धाकटा सुधारलाय म्हणाल्या. प्रश्न मोठीचा. दोन दिवस ती वर्गाच्या दारात उभी राहून मुलांची दप्तरं उघडते, खिसे उलटे करायला लावते. काल एक मुलगी रडली. आता तिच्याशेजारी कुणी बसत नाही. डबाही एकटीच खाते. बाईंनी विचारलं, हे कुठे पाहिलं असेल? टीव्हीवर, मी म्हटलं. आमच्याकडे टीव्ही नाही.
घरी आलो. समजावून सांगायचं ठरवलं होतं. मोठी मैत्रिणीकडून परत येत होती. मैत्रिणीच्या आईनं खेळू दिलं नाही, असं तिनं दारातच सांगितलं. मी गुडघ्यावर बसलो, दोन्ही हात पुढे केले. तिनं चपला काढल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि हात वर करून उभी राहिली.
तिला वाईट वाटू नये म्हणून खिसे तपासले.
काही सापडलं नाही.