वास गेला

२९ जून, मोशी
आलो बुवा एकदाचे! सामान लागलं, चहा झाला, आणि आमच्या लेकीने, जिकराने, पहिल्याच तासाभरात मालकांच्या मांजराशी दोस्तीही केली. जागोजागी माझं नाव ऐकलं की ‘अहो, आत्ताच दिली की जागा’, हे ऐकून कान किटले होते. इथे मालकीण शालनबाईंनी फक्त विचारलं, पोरीला दूध गाईचं लागतं का म्हशीचं. त्यांचे यजमान यशवंतराव, गावचे जुने शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ. ते खाली, आम्ही वर. दोन खोल्या आणि मागे एक छोटी. ती छोटी माझी! नबीला म्हणते, लग्न माझ्याशी केलंस की बॅटरीशी?

२ जुलै
चाकणच्या कंपनीत शिफ्टभर दुसऱ्यांच्या बॅटऱ्या तपासतो, आता घरी स्वतःची बनवणार. सॉलिड-स्टेट. हिच्या आत पातळ रसायन नसतंच, त्याजागी भुकटी दाबून केलेली घट्ट चकती. मोठमोठ्या कंपन्या कोटी कोटी ओततायत, आणि हा अजिम पठ्ठ्या मोशीत हाताने दाबायच्या प्रेसवर करून दाखवणार. बघाच राव!

भुकटी गंधकाच्या एका संयुगाची. तिचं वैर पाण्याशी. हवेतली ओल लागली तरी सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि तो वायू विषारी. मित्र एहसान मारुंजीला हेच उद्योग करायचा, त्याने सोडून दिलं. मलाही म्हणाला, घरात नको करू, लेकरूबाळ आहे. एहसान पहिल्यापासूनच भित्रा. काचेची पेटी आहे, हातमोजे आहेत. वास आला की थांबायचं, नाही आला की पुढे जायचं. नबीलाला यातलं काही सांगितलं नाही. उगाच डोकं खाईल.

९ जुलै
हवा इतकी ओली की पापड नरम पडतायत. रोज वास यायचा. नबीलाला सांगितलं, गटाराचा असेल. बिघडलेल्या चकत्यांनी टेबलाखालचं घमेलं भरत आलंय. आज खिडकीच्या फटींना टेप मारली, दारं-खिडक्या घट्ट बंद. दुपारपर्यंत वास गेला. अगदी साफ! नबीलाला मुद्दाम विचारलं, तिलाही येत नाही. जिंकलो! आनंदाने जिकराला खांद्यावर घेऊन घरभर नाचलो.

१२ जुलै
शालनबाई वर आल्या होत्या. म्हणाल्या, अंड्यावानी घाण वास येतोय बाई, खाली पार देवघरापतूर. नबीलाचा चेहरा पडला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आलं ना शेवटी गाडं अंड्यावर! घरात आठवडाभर अंडं आलेलं नाही, आणि माझ्या खोलीतला वास तर कधीच गेला. मला वाटलं होतं ही माणसं वेगळी आहेत. फार वाईट वाटलं.

१५ जुलै
आज यशवंतराव. म्हणाले, खाण्यापिण्याला आमची ना न्हाई, पण ह्यो वास खाण्याचा न्हाई, वर कायतरी सडलंय, बघ एकदा. मी म्हटलं, काका, सरळ सांगा की जागा सोड म्हणून. ते जिना उतरले.

डोकं ठणकतंय. जिकराचे डोळे लाल. डॉक्टर म्हणतात, साथ आहे.

१८ जुलै
मागच्या खोलीत पाल मेलेली. खिडकीत आणखी एक. जिकराला उलट्या. मांजर वर येत नाही, जिन्याच्या पायथ्याशी थबकतं आणि मागे फिरतं. आम्हाला घालवायला हे लोक काही टाकतायत का? करणी-बिरणी मानणारा मी नव्हे. पण मग पाली कशाने—

२१ जुलै
मांजर मेलं. आमच्याच दारात. जिकराच्या ओढीने वर आलं असेल. शालनबाई त्याला उचलायला आल्या, हमसून रडल्या, आणि चक्कर येऊन जिन्यातच बसल्या. म्हणजे त्यांनी काही केलेलं नाही. मग कोण? काय आहे या घरात? भीती वाटतेय. लिहायला लाज वाटते, पण वाटतेय.

जिकरा नुसती पडून आहे.

२४ जुलै, गुरुवार
सुट्टी. जिकरा उठून दूध प्यायली, अल्लाची मेहेरबानी. नबीला म्हणाली, रोजची बोलणी नकोत, आज घर पाण्याने धुऊनच काढते. बादली, फिनेल, खराटा. जिकरा तिच्या मागे मागे. मी बाहेरच्या खोलीत आडवा पडून लिहितोय. डोकं फुटतंय.

एहसानला काल बढाई मारली होती, वास गेला, आता खालच्यांनाच काय तो येतो म्हणून. आत्ता त्याचा व्हॉइस मेसेज आलाय. ओरडतोय. म्हणतो, वास गेलेला नाही, तुझं नाक गेलंय. हा वायू जास्त झाला की आधी नाकच मारतो. खालच्यांना येतो आणि तुम्हाला नाही, म्हणजे तुम्ही मरणात बसलायत, अजिम. पोरीला घेऊन खाली पळ—

म्हणजे शालनबाई खरंच—
मी त्यांना काय काय—

मागच्या खोलीचं दार उघडं आहे. तिथे जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. का ते सांगितलं नव्हतं.

पाणी ओतल्याचा आवाज.

नबीला, घमेलं— पाणी नको—

खराटा थांबला. हाक मारली. ओ नाही. जिकरा पण—

पाय उचलत ना