चढावरची धूरतपासणी

सोमवार, ४ ऑगस्ट. सकाळी ६.१०
आजपासून आंबातो शहराच्या वरच्या चढावर धूरतपासणीचा प्रमुख मी. बस-ट्रक खरा धूर ओकतात ते इथेच. संकल्प: रोज वीस गाड्या. ओळखपाळख बंद. मेव्हण्याची बससुद्धा सोडणार नाही. बायकोला, नेल्वाला तसं बजावलं. ती म्हणाली, डबा विसरू नकोस.

दुपारी १
धूर मोजायच्या यंत्राची नळी गरम सायलेन्सरमध्ये घालायला हातमोजे लागतात. ते ऑफिसात राहिले. आज फक्त निरीक्षण.

मंगळवार, ५
दुधाच्या दोन गाड्या, एक नवी बस. तिन्ही पास. एका दिवसात एवढा वचक!

बुधवार, ६
एकही गाडी नाही. कोपऱ्यावर कणसं भाजणाऱ्या त्रान्सितोमावशी म्हणाल्या, "बाळा, तुझी नारिंगी छत्री पार पुलावरून दिसते. सगळे नदीच्या रस्त्याने पळतात. माझा धंदा बसला." त्यांच्या समाधानासाठी दोन कणसं खाल्ली. छत्रीचं बघू. ऊन फार आहे.

गुरुवार, ७
छत्री मिटून झाडामागे उभा. ९.२० ला काळाकुट्ट लोट, आणि त्यातून मेव्हणा हेरिबेर्तो. शिट्टी मारली. धूर मर्यादेच्या दुप्पट. हेरिबेर्तो म्हणाला, "दाजी, म्हातारी आहे, चढाला धापा टाकणारच." मी बधलो नाही. बस जागेवर बंद करायला लावली.

बाजाराला निघालेल्या सगळ्या बायका टोपल्या घेऊन खाली उतरल्या. आमचा माल आता तू डोक्यावरून नेणार का, असं एकीने विचारलं. माणुसकी म्हणून बस सोडली. ती सुरू होईना. ढकलायला मागे मी. सुरू झाली तेव्हाही मागे मीच. तोंड दोनदा धुतलं. तत्त्व मात्र शाबूत.

शुक्रवार, ८
बसवाल्यांच्या संघटनेचं पत्र ऑफिसात आलंय. माझ्याबद्दल, आणि कौतुकाचं, असं शिपाई म्हणाला. आमच्या वरिष्ठ इंजिनियरबाई सोमवारी सगळ्यांसमोर वाचणार. बढती नक्की. कोट इस्त्रीला दिला.

सोमवार, ११
बाईंनी वाचलं: "निरीक्षक एर्मेल यांना याच चढावर कायम ठेवावे. त्यांच्यामुळे आमच्या गाड्यांचा खोळंबा होत नाही. एक झाला, तर त्यांनी स्वतः बस ढकलून दिली." मग विचारलं, आठवड्यात तपासल्या किती? चार, म्हणालो. कोणी हसलं नाही. उद्यापासून मी सायकल नोंदणीच्या खिडकीवर.

घरी सांगितलं, कामाचा ताण नको म्हणून बदली मीच मागितली. नेल्वाने सूप वाढलं. मग म्हणाली, पत्र हेरिबेर्तोने लिहिलं होतं. शुद्धलेखन तिने तपासलं. माझी बढती व्हावी म्हणून.

सूप गरम होतं. जेवलो.